लीलाबाईचा हातगुण

लीलाबाईच्या हाताला गुण होता आणि गाव ही गोष्ट विसरेल की काय या भीतीनं ती स्वतःच अधूनमधून आठवण करून द्यायची. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची असोत, पहिलारू गाईची पहिली धार काढायची असो की नव्या घरात पहिलं दही लावायचं असो, बोलावणं तिलाच. म्हणून बचत गटानं मासे पाळायचं ठरवलं तेव्हा गावतलावात सोडायची पिल्लं आपल्याच शेततळ्यातून जाणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

पण धाकट्या जावेच्या, सुचित्राच्या शेतातही तळं होतं. दोन्ही शेतांच्या मधे फक्त एक धुरा, हातभर रुंद बांध. गटाच्या अध्यक्ष बेबीताईनं दोघींना सारखंच मत्स्यबीज दिलं आणि सांगून टाकलं, "बोटाएवढी झाली का पाहू. जिची पिल्लं चांगली, तिचीच गावतलावात."

दारव्ह्याला प्रशिक्षण झालं तेव्हा लीलाबाई अर्ध्यातून उठून बाजारात गेली. पोसायचं कसं, हे तिला कोणी शिकवावं? सुचित्रा मात्र शाळेतल्या पोरीसारखी शेवटपर्यंत बसून राहिली.

आणि आता पाहावं तर सुचित्राची पिल्लं सरळसोट, खाणं पडलं की पाणी घुसळून काढणारी. लीलाबाईची पाठीत वाकलेली, विळ्यासारखी, कशीबशी एका कुशीवर पोहणारी. धुऱ्यावर उभी राहून ती दोन्ही तळी पाहायची आणि तिच्या पोटात आग पडायची. आजवर लोक तिचा हेवा करायचे. दुसऱ्याचा करायची पाळी या वयात आली. सुचित्रा हसली की वाटे, मलाच हसते. सुचित्राच्या अंगणातला मोगरा फुलला तरी हिचं डोकं उठे.

"तिनं कायतरी करनी केली असंन," ती नवऱ्याला म्हणाली.

"माशाले कोनी करनी करते काय?" पुंडलिकराव वैतागले. "जाऊन इचार ना तिले सरळ."

"मी इचारू? तिले? तिच्या लग्नात हळद म्या कालवली होती!"

विचारायचं नाही, पण पाहायला कोणाची चोरी? एका सकाळी लीलाबाई तुरीच्या आड दबा धरून बसली. सुचित्रानं शेतातल्या चुलीवर कोंडा आणि शेंगदाण्याची ढेप शिजवली, वाफाळता गंज खाली उतरवला आणि शेजारच्या दगडावर एक पुडा उघडून ठेवला. पुड्यावर मोठ्या अक्षरांत 'जीवनसत्त्व सी'. मग ती आपली गुणगुणत बसली. जावेचं ते सुखाचं गुणगुणणं लीलाबाईला ऐकवेना. पुढचं काही न पाहताच ती तरातरा घरी आली.

तसाच पुडा तिनं दारव्ह्याहून आणला. आपल्या शेतातल्या चुलीवर हात सैल सोडून पावडर रटरटत्या कोंड्यात ओतली, वरून आणखी एक उकळी दिली. बाळंतीण असो की व्यालेली गाय, कमी शिजलेलं तिनं कधी कोणाच्या पुढ्यात ठेवलं नव्हतं. तरी उरलीसुरली सरळ पिल्लंही वाकू लागली.

बेबीताई तळी पाहायला येणार त्याच्या आदल्या दुपारी सुचित्रा दारात उभी राहिली. हातात दह्याचं भांडं.

"बाई, जरासं विरजन देता काय? माह्यं दही लागूनच नाही राह्यलं. पाहा ना, नुसतं पानी."

लीलाबाईच्या जिवात जीव आला. हिचंही काही बिघडतं तर! तिनं भांड्यात बोट बुडवून पाहिलं. "दूध कसं होतं?"

"उकळतं होतं. चुलीवरच विरजन टाकलं."

"वा गं हुशार! उकळत्या दुधात टाकशीन त विरजन मरंनच ना! बोट सोसंन इतकं कोमट होऊ द्याव, मंग टाकाव. लहान पोरीलेही समजते हे."

"हो ना," सुचित्रा खाली पाहत म्हणाली. "त्या माशाच्या पावडरचंबी तसंच हाय, बाई. गरमात टाकली का तिचा जोरच जाते. कोंडा थंडा झाल्यावर कालवा लागते."

लीलाबाईचं बोट भांड्यातच राहिलं. तिला आपला रटरटता कोंडा दिसला. आपण तुरीआडून पाहिलं, तसं तिकडूनही कोणीतरी पाहिलं होतं. आणि मग दुसरी गोष्ट लक्षात आली. लग्न होऊन आल्यापासून सुचित्राचं दही कधी बिघडलंच नव्हतं. पहिलं विरजण लीलाबाईनंच दिलेलं, तेच अजून चाललेलं. मोठ्या जावेला शिकवल्यासारखं दिसू नये म्हणून या बाईनं भांडंभर चांगलं दूध नासवलं होतं.

लीलाबाईला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला.

"पिल्लं तुह्यी सरळ, दही तुह्यं चांगलं, अन् आता मोठेपनाबी तूच घेतला? माह्यासाठी काई ठेवशीन का नाही?"

लीलाबाईनं आत जाऊन विरजणाची वाटी आणली आणि सुचित्राच्या हातात आदळली.

"उद्या बेबीताईले मीच सांगतो, तलावात सुचित्राचीच पिल्लं सोडा म्हनून. पन आज जाय तू. आज मले तुह्यं तोंड पाहवत नाही."

सुचित्रा वाटी घेऊन निघाली. वाटेच्या वळणापर्यंत लीलाबाई तिच्याकडे पाहत राहिली. रोज त्या वाटेनं गुणगुणत जाणारी सुचित्रा आज गप्प चालली होती. हेही ती आपल्यासाठीच करते आहे, हे लीलाबाईला कळलं आणि पोटातली आग पुन्हा भडकली.