भिंतीच्या मापाची बांगडी

खांदा कॉलनीतल्या आमच्या घरात प्रत्येक खोलीच्या भिंतीला, खाली जमिनीजवळ, झाकणाचं एक भोक आहे. पाहुण्यांना तो प्लगपॉइंट वाटतो. वाटू दे. माझे शोहर अली कुवेतमध्ये लोकांच्या बंगल्यांत सेंट्रल व्हॅक्यूम बसवायचे. स्वतःचं घर बांधताना त्यांनी हट्टाने भिंतींच्या आतून तेच पाइप फिरवले आणि मोटर गच्चीवर ठेवली. भोकात होज, म्हणजे लांब लवचीक नळी, खोचला की मोटर आपोआप सुरू होते आणि खोलीतली धूळ थेट गच्चीवरच्या डब्यात जाते. मला दमा आहे. झाडू फिरला की छाती भरते, आणि साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून पुन्हा खोलीतच सोडतो. अलींनी हा सगळा खटाटोप माझ्यासाठी केला होता.

अली गेले. मग होज उंदरांनी कुरतडला आणि थोरल्या नावेदने तो मला न विचारता भंगारात देऊन टाकला.

आमच्याकडे आखातातून सुट्टीवर येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही. नावेदने दोह्याहून होज आणला. तो भोकात शिरेना. धाकट्या फहादने मस्कतहून आणला. तो शिरला आणि गळून पडला. जावयाने शारजाहून आणलेला ओढूनताणून कसाबसा अडकला, पण मोटर ढिम्म. सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर भोकाचा फोटो बघून खरेदी केलेली! फोटोत भोक लहान काय नि मोठं काय, सारखंच दिसणार. प्रेमाने आणलेल्या त्या अजगरांनी माझं कपाट भरलं, आणि धूळ होती तिथेच राहिली.

त्यात बाहेर रस्त्याचं काम निघालं. डंपर दिवसभर ये-जा करायचे. मला दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा नावेद रजा टाकून आला तो ठरवूनच.

"अम्मी, आता बस झालं. भोकं सिमेंटने बुजवू आणि घर विकू. कामोठ्याला अगदी वरच्या मजल्यावर माझा फ्लॅट आहे, एवढ्या वर धूळ येत नाही."

"मीही येत नाही," मी म्हटलं.

"ईदनंतर चारुदत्त गिऱ्हाईक घेऊन येतोय," तो म्हणाला. चारुदत्त म्हणजे एजंट.

माझं डोकं फिरलं. या भिंतींत माझ्या माणसाची मेहनत आहे, आणि हा म्हणे बुजवू! मी वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी केली, भोकात घातली आणि आत सैल सोडली. ती फुगून कडेला टेकली. तिला चिकटपट्टी लावून बाहेर काढली, पर्समध्ये टाकली आणि रिक्षाने जुन्या पनवेलच्या बाजारात सोनाबाईच्या बांगड्यांच्या दुकानात गेले. बांगडीचं माप इंचाचं असतं. दोन-चारची बांगडी म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळातले चार भाग, सव्वादोन इंच.

सोनाबाईने गुंडाळी उलटसुलट करून बघितली. "भाभी, ह्यो कोनाचा हात हाय?"

"माझ्या भिंतीचा."

ती पोट धरून हसली. मग मात्र नवरीचा हात धरावा तशी गुंडाळी धरून एकेक बांगडी चढवायला लागली. ही सैल, ती अडकली. शेवटी लहान मुलींची एक-आठची अंगासरशी बसली. "दीड इंच," सोनाबाई म्हणाली. "कमी नाय, जास्त नाय."

रिक्षातूनच मी फहादला निरोप रेकॉर्ड करून पाठवला. "फोटो बघायचा नाही. दीड इंचाचं तोंड माग. तोंडाला धातूची कडी हवी, अब्बू म्हणायचे तिच्यानेच मोटर चालू होते. दांडा आणि ब्रश दुकानातच होजला जोडून बघ."

घरी आल्यावर नावेदने तो निरोप ऐकला आणि हसला. "बांगडीवरून मशीन चालवणार?"

"हस," मी म्हटलं.

फहाद ईदला यायचा होता, त्याला सुट्टीच उशिरा मिळाली. तो टॅक्सीतून उतरला तेव्हा चारुदत्त गिऱ्हाइकाला घेऊन हॉलमध्ये बसला होता. "ही भोकं आम्ही बुजवून देऊ," असं सांगत होता. मी फहादला पाणीसुद्धा विचारलं नाही. बॅग उघडली, होज काढला आणि सगळ्यांच्या देखत भोकात ढकलला. हा बसला नाही तर माझं घर जाणार होतं.

खट् झालं. गच्चीवर मोटर घुमली.

"पाय वर घ्या," मी चारुदत्तला म्हटलं. त्याने घेतले. गिऱ्हाइकानेही घेतले. मी सोफ्याखालून, पडद्यामागून, दाराच्या फटीतून ब्रश फिरवला. खोकला आला नाही. रडू येत होतं, पण त्या एजंटसमोर मी रडणार नव्हते.

नावेद जवळ येऊन सोफ्यावर बसला. "अम्मी, हे असं किती दिवस चालणार?"

"माझा श्वास चालतोय तोवर," मी मोटरच्या वरताण ओरडले. "तो थांबला की भोकं बुजव, घर वीक, मी अडवायला येणार नाही. आत्ता पाय वर घे."