मावीस सेलला आली

आमच्या गावात गॅरेज सेल लावायचा झाला, म्हणजे घरातलं जुनं सामान गॅरेजात मांडून विकायचं झालं, की लोक आधी माझ्याकडे येतात. उगाच नाही येत. कोपऱ्यावरची पाटी जाड काळ्या अक्षरांत हवी, गाडीतून जाणाऱ्याला बाण दिसला पाहिजे. प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी हवी, कारण आमचा आयोवातला माणूस किंमत विचारायला लाजतो आणि हात हलवत परत जातो. कपडे टांगून ठेवायचे. ढिगात कुणी हात घालत नाही. हे सगळं मी ऑर्विलला सांगितलं आणि त्यानं मुकाट्यानं केलं. एरवी तो माझं ऐकणारा नव्हे. इतकी वर्षं शेजारी राहतोय, पण माझ्यापेक्षा माझ्या कुत्र्याशी जास्त बोलला असेल.

घर विकून झालं होतं. त्याच्या बायकोला, मावीसला, गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात खोली मिळाली होती आणि सेलच्याच दिवशी तिला तिथं पोचवायचं होतं. तिला आता काही म्हणजे काही आठवत नव्हतं. हिवाळ्यात एकदा ती अनवाणी बर्फात चालत निघाली, तेव्हापासून ऑर्विल दाराला पाठ लावून झोपायचा. माणसानं असं किती दिवस झोपायचं?

मी म्हटलं, सेल आटपेपर्यंत तिला माझ्याकडे बसव, स्वतःचा संसार टेबलावर मांडलेला तिला कशाला दाखवतोस. तर ऐकेना.

"फिरू दे तिला," तो म्हणाला. "यातली एक जरी वस्तू तिनं 'ही माझी' म्हणून उचलली ना, तर मी खोली रद्द करतो. घर गेलं तर गेलं. भाड्यानं राहू."

मला असा राग आला! म्हातारा स्वतः मरेल आणि तिलाही मारेल. पण खरं सांगते, मनातून मलाही तेच हवं होतं.

उजाडायच्या आत नेहमीची मंडळी गाड्या लावून हजर. कॉफी तयार होतेय तोवर मावीसही आली, दंडाला पर्स अडकवून. दर शुक्रवारी सेल पालथे घालायची तिची जुनी खोड. डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते. बशी उलटी करून खालचा शिक्का बघत होती, चादर उजेडात धरत होती. ती उभी असेल त्या टेबलाकडे कुणी फिरकत नव्हतं. गावाला सगळं ठाऊक होतं.

माझ्या कानाशी येऊन तिनं हळूच विचारलं, "कोण गेलं गं इथलं?"

कुणी नाही, घर बदलतायत, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही. इतक्या चांगल्या वस्तू काढल्यात म्हणजे मागे कुणी उरलेलं नसणार, म्हणाली. लग्नात तिच्या आईनं दिलेली गोधडी तिनं उलटीसुलटी करून पाहिली आणि फार मागतायत म्हणून ठेवून दिली. पैशाच्या डब्यामागे बसलेला ऑर्विल दर वेळी खुर्चीतून अर्धा उठायचा आणि परत बसायचा. मला बघवत नव्हतं.

उन्हं वर आल्यावर त्यानं अंगातला कोट काढून टेबलाच्या कडेला टाकला. आता काय म्हणावं याला! सेलच्या दिवशी गॅरेजात जे उघडं पडलंय ते विकायला आहे, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी उचलायला निघाले, तेवढ्यात मावीसनं तो उचलला. बाह्या ताणून पाहिल्या, खिशात हात घातला, आणि ऑर्विलसमोर जाऊन उभी राहिली.

"याला चिठ्ठी नाही. कितीला देताय?"

ऑर्विल म्हणाला, तुम्हीच सांगा.

"एक डॉलर. जास्त नाही देणार. हा खिसा बघा, तपकिरी कोटाला हिरवा दोरा. शिवणारी बाई आंधळी होती की काय?"

"घाईत होती," तो म्हणाला. "मी कामाला निघालो होतो."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती ओशाळल्यासारखी हसली.

"वाईट नका वाटून घेऊ हं. कोट चांगला आहे. आमच्या ऑर्विलला नेतेय. त्याला फार थंडी वाजते."

त्यानं तिच्या हातून डॉलर घेतला आणि कोटाची घडी करून पिशवीत घालून दिली. ती पुढं गेल्यावर मी त्याचा दंड धरला. म्हटलं, अरे, नाव घेतलं तिनं तुझं! कर की आश्रमाला फोन, खोली नको म्हणून.

"तिचा ऑर्विल तिकडं घरी बसलाय," तो म्हणाला. "मी कोण? तूच ने तिला. मी सोबत आलो तर ती घाबरेल."

मी गाडी काढली. मावीस पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि पट्टा लावायच्या आधीच माझ्या मागे लागली.

"जरा लवकर चल बाई. तो नुसत्या शर्टावर बसला असेल, आणि कुणी सांगितल्याशिवाय काही अंगात घालायचा नाही."

"हो गं, तसाच बसलाय," मी म्हटलं आणि गाडी आश्रमाच्या रस्त्याला घातली.