तिघी इकडच्या, तिघी तिकडच्या

हायस्कूलच्या चार वर्षांत मी एकशे आठ सामने खेळले आणि एकदाही बास्केटच्या दिशेनं चेंडू टाकला नाही.

यात माझा काही दोष नव्हता. अमेरिकेतल्या आमच्या आयोवा राज्यात तेव्हा मुलींचा बास्केटबॉल निराळाच होता. एका संघात सहा मुली. तिघी मैदानाच्या एका अर्ध्यात राहून फक्त गुण करायच्या, उरलेल्या तिघी दुसऱ्या अर्ध्यात राहून समोरच्यांना अडवायच्या. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही. मी अडवणाऱ्यांतली. चेंडू हिसकावला की रेषेपर्यंत न्यायचा, पलीकडच्या मैत्रिणीकडे फेकायचा आणि कमरेवर हात ठेवून पुढची गंमत बघायची. माझे बाबा मी ज्या बाजूला खेळायचे त्या बाजूच्या बाकावर बसायचे, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलल्या की थर्मास आणि टोपी उचलून पलीकडे जायचे. अडवणाऱ्या मुलींचे सगळेच बाप असे उठून जायचे.

ट्वायला हॉफस्ट्रा नेमकी उलटी. तीही चार वर्षं खेळली, पण तिनं कधी कुणाला अडवलं नाही. एका सामन्यात तिनं एकसष्ट गुण केले तेव्हा तिच्या गावानं वेशीवर तिच्या नावाचा फलक लावला. आमच्या शाळेविरुद्ध ती एकदाच खेळली. तिला अडवायचं काम माझ्याकडे होतं. तिनं चव्वेचाळीस केले.

१९७४ च्या ऑगस्टमध्ये मी कोलब्रुक कॉलेजच्या वसतिगृहात पेटी घेऊन शिरले, तर खोलीत खिडकीजवळच्या पलंगावर हीच बसलेली.

"मार्लिस ना तू? मार्लिस उलेनकँप?" ती म्हणाली. "चव्वेचाळीसवाली?"

"त्यातले सहा फाउलबद्दल मिळालेल्या मोकळ्या चेंडूंचे होते," मी म्हणाले. "चेंडू चालता असताना अडतीसच."

"बरं बाई, अडतीस. पलंग मात्र हाच माझा."

कॉलेजात मुलीही पाच-पाच जणींचाच खेळ खेळत. सगळं मैदान सगळ्यांचं. आमच्या प्रशिक्षक व्हॉस बाई. त्या आम्हाला पोहणं, आरोग्यशास्त्र आणि खेळप्रशिक्षण असे तीन विषय शिकवायच्या आणि संध्याकाळी संघ चालवायच्या. उंच, सडपातळ, आवाज घोगरा. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा अकरा जणींना या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत जायला सांगितलं. शिट्टी वाजली, आम्ही सुटलो, आणि मधल्या रेषेवर दहा जणी जागच्या जागी थांबल्या. थांबायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. पायच थांबले. अकरावी मुलगी शेजारच्या राज्यातली होती, ती एकटीच पुढे गेली आणि मागे वळून बघू लागली.

"रेषेत वीज सोडलीय का गं?" बाई ओरडल्या.

पळायला आम्ही आठवड्यात शिकलो. बाकीचं जमेना. मी बास्केटखाली मोकळी असले तरी चेंडू आला की दुसरीला द्यायचे. ट्वायला समोरची मुलगी चेंडू घेऊन आली की बाजूला सरायची, जशी दारात पाहुण्यांना वाट देतात तशी.

रात्रीचं जेवण उरकलं की खोलीत आमचं एकच भांडण.

"गुण केल्याशिवाय कुणी जिंकलंय का कधी?" ट्वायला म्हणायची. "तुझं आख्खं आयुष्य अडवण्यात गेलं तरी फळ्यावर शून्यच राहणार ना?"

"समोरचीच्या नावावरही शून्य राहिलं तर?"

"मग बरोबरी. घ्या आता, वाटून घ्या ढाल अर्धी-अर्धी!"

"ढाल गुण करणाऱ्यांनी आणलेली मी नाही बघितली अजून. तुझं गाव राज्यस्पर्धेत कुठवर गेलं? पहिल्या फेरीत बाहेर. एकसष्ट करून."

ती उशी फेकायची. नेम कधी चुकायचा नाही, हे मान्य केलं पाहिजे.

नोव्हेंबरात आम्ही पहिले तीन सामने हरलो आणि बाईंनी एक युक्ती काढली. खेळ थांबला की, म्हणजे फाउल झाला, चेंडू बाहेर गेला, कुठल्याही कारणानं शिट्टी वाजली की, खेळाडू बदलता येतात. आमच्यातल्या ब्युलाला आणि त्या शेजारच्या राज्यातल्या मुलीला एव्हाना दोन्ही कामं जमत, त्या दोघी कायम मैदानात राहतील. बाकी तीन जागा बाई सतत बदलणार. चेंडू आपला असेल तर ट्वायला आणि तिच्या दोघी आत. चेंडू त्यांचा असेल तर मी आणि माझ्या दोघी. थोडक्यात, बाईंनी आमचा जुना खेळच मागच्या दारानं परत आणला.

युक्ती चालली. पुढच्या अठरा सामन्यांतले सोळा आम्ही जिंकलो. लोक आमच्या बाकाकडे बघून हसायचे, कारण आम्ही सारख्या उठबस करत असायचो. बाबा एकदा म्हणाले, "तुमचा सामना बघून माझेच गुडघे दुखतात." मला मात्र बरं वाटत होतं. मला जे येतं तेवढंच मी करत होते आणि आम्ही जिंकत होतो. ट्वायलाचंही तेच. आमचं भांडणसुद्धा मिटलं, म्हणजे प्रत्येकीला आपणच जिंकलो असं वाटू लागलं.

मार्चमध्ये लहान कॉलेजांच्या राज्यस्पर्धेत आम्ही अंतिम फेरी गाठली. समोर डॅनर कॉलेज. त्यांची रोझलिन क्विग म्हणून एक मुलगी होती, बुटकी, डावखुरी, चेंडू हातात आला की कुठून कुठे जाईल सांगता यायचं नाही. तिला मीच अडवणार हे ठरलेलं होतं. पहिल्या अर्ध्यात तिला मी चारच गुण करू दिले. तिकडे ट्वायलाचे चौदा झाले. शेवटची पाच मिनिटं राहिली तेव्हा आम्ही ५१-४८ असे पुढे होतो, चेंडू त्यांचा होता, म्हणून आम्ही अडवणाऱ्या तिघी आत गेलो.

आणि मग शिट्टी वाजायचीच थांबली.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. मग दिसलं की डॅनरच्या मुली आम्हाला हातही लावत नाहीयेत. चेंडू बाहेर जायला लागला की जीव टाकून आत ठेवतायत, मग तो आमच्या हातात पडला तरी चालेल. त्यांच्या प्रशिक्षकांनी आमची युक्ती ओळखली होती. खेळ थांबू द्यायचा नाही, म्हणजे गुण करणाऱ्या बाकावर अडकून पडतात. खेळ थांबवण्यासाठी संघाला मिळतात त्या सुट्ट्या बाईंनी आधीच संपवल्या होत्या. आमचा चेंडू आला की आम्ही पुढे जायचो आणि काय करायचं ते कुणालाच ठाऊक नसायचं. ब्युलानं दोनदा टाकला, दोन्ही वेळा चुकला. तिसऱ्या वेळी मी बास्केटपासून चार पावलांवर होते. समोर कुणीही नव्हतं. डॅनरच्या मुलीनं मला मुद्दाम मोकळं सोडलं होतं, दोन्ही हात खाली सोडून ती नुसती बघत होती.

"टाक!" बाकावरून ट्वायला ओरडली. "अगं टाक ना, मार्लिस!"

मी चेंडू ब्युलाला दिला. तिच्याभोवती दोघी होत्या. चेंडू गेला.

या चार-साडेचार मिनिटांत आम्ही त्यांना फक्त दोन बास्केट करू दिल्या. पण आमची एकही झाली नाही. ५१-५२. चाळीस सेकंद राहिली, चेंडू क्विगकडे. माझे चार फाउल झाले होते. पाचवा केला की मी बाहेर. फाउलवर बाहेर जाणं म्हणजे काय हे मला माहीत नव्हतं, हायस्कूलच्या एकशे आठ सामन्यांत आणि त्यानंतरही मी एकदाही गेले नव्हते आणि त्याचा मला तोरा होता. मी क्विगचा हात धरला. सरळ मनगट पकडलं, बाजारात पोराचं धरतात तसं.

शिट्टी वाजली. मी बाकाकडे चालत गेले, ट्वायला आणि तिच्या दोघी आत गेल्या. जाताना ती म्हणाली, "तिचं काय बघू?"

"पोट बघ. चेंडू बघू नको, डोळे बघू नको. पोट जाईल तिकडेच ती जाते."

फाउलबद्दल मिळालेला मोकळा चेंडू क्विगनं टाकला, तो चुकला. ब्युलानं तो पकडला, ट्वायलाला दिला, आणि ट्वायलानं पळता पळता वीस फुटांवरून टाकला. कडेलाही न लागता आत. ५३-५२. आमचा बाक उभा राहिला. पण बास्केट झाली म्हणून शिट्टी वाजत नाही. घड्याळ चालूच होतं, डॅनरनं चेंडू लगेच आत टाकला, आणि आता क्विग येत होती आणि समोर ट्वायला होती.

ट्वायला सरली नाही, हे मी आजही सांगते. तिनं पाय रोवले. पण बघत होती ती चेंडूच. क्विगनं चेंडू उजवीकडे दाखवला, स्वतः डावीकडून गेली. ५३-५४. भोंगा वाजला.

परतताना बस एका हमरस्त्यावरच्या खानावळीपाशी थांबली. बाईंनी सगळ्यांसाठी डुकराच्या कटलेटची सँडविचं मागवली.

"पोट म्हणाले होते मी," मी म्हणाले.

ट्वायलानं सँडविच खाली ठेवलं. "चार पावलं, मार्लिस. चार पावलं! माझी आजी टाकेल तिथून. मेली असूनही टाकेल."

"तुझ्या आजीनं क्विगला अडवलं तरी असतं."

"पुरे," व्हॉस बाई म्हणाल्या. त्या पलीकडच्या टेबलावर एकट्याच कॉफी घेऊन बसल्या होत्या. "तुम्हाला न शिकवता चालवून घेतलं ते मी. शिकवायला वेळ लागला असता आणि मला जिंकायची घाई होती. आता खा."

मे महिन्यात खेळप्रशिक्षणाच्या विषयाची परीक्षा होती. शेवटचा प्रश्न असा: अजिंक्यपदासाठी आक्रमण महत्त्वाचं की बचाव? सकारण लिहा. मी सात पानं लिहिली. अंतिम सामन्याचा दाखला दिला. शेवटच्या टप्प्यात प्रतिस्पर्ध्यांना आम्ही फक्त दोन बास्केट करू दिल्या, यावरून बचावाचं महत्त्व सिद्ध होतं, असं ठणकावून लिहिलं. पेपर परत आला तेव्हा त्या वाक्याखाली लाल रेघ होती आणि समासात बाईंच्या अक्षरात तीनच शब्द: 'आणि केल्या किती?'

मला राग आला. पेपर ट्वायलाला दाखवला. मला वाटलं ती नाचेल. ती म्हणाली, "माझा नको बघूस," आणि तिचा पेपर दुमडून वहीत ठेवला.

जुलैत ती आमच्या शेतावर राहायला आली. मक्याचे तुरे काढायचं काम दरवर्षी महिनाभर असतं, आमच्याकडे शाळाकॉलेजातली सगळी मुलं ते करतात. पहाटे ओल्या पानांत शिरायचं, दुपारी पानांनी कापलेले हात घेऊन बाहेर यायचं. जेवून आम्ही यंत्रं ठेवायच्या शेडमध्ये जायचो. तिथं बाबांनी माझ्या भावांसाठी कधीतरी बास्केटचं कडं ठोकून दिलं होतं. बाबा ट्रॅक्टर बाहेर काढून जागा करून द्यायचे.

"कोपर आत," ट्वायला सांगायची. "आत म्हणजे पोटात नव्हे. तू चेंडू टाकतेस का धुणं वाळत घालतेस?"

पहिल्या दिवशी पन्नासातले सहा गेले. मग आमच्या जागा बदलायच्या. मी चेंडू घेऊन तिच्या अंगावर जायचे आणि ती अडवायची.

"वाकून उभी राहा. अजून वाक."

"मांड्या फाटतायत माझ्या!"

"माझ्या नवव्या इयत्तेपासून फाटतायत."

महिन्याच्या शेवटी मी तिला सलग चारदा चुकवू शकले नाही. त्या दिवशी माझे पन्नासातले एकवीस गेले. एकवीस म्हणजे काही फार नाही. पण चेंडू हातात आल्यावर तो लगेच कुणाला तरी देऊन टाकावा असं वाटणं थांबलं होतं, हे मला घरी चालत येताना जाणवलं, आणि त्याचा मला कुठल्याही गुणांपेक्षा जास्त आनंद झाला.

पुढच्या वर्षी बाईंनी अदलाबदल बंद केली. सुरुवातीला आम्ही पुन्हा हरलो, पाच सामने. जानेवारीनंतर गाडी रुळावर आली आणि मार्चमध्ये पुन्हा अंतिम फेरीत डॅनरच समोर आलं. या वेळी आम्ही ५८-४९ नं जिंकलो. माझे आठ गुण. ट्वायलाचे बावीस, आणि क्विगला दुसऱ्या अर्ध्यात अडवायचं काम तिनं बाईंकडे स्वतःहून मागून घेतलं. क्विगचे त्या अर्ध्यात पाच झाले. ट्वायलाचे फाउल मात्र चार.

सामना संपल्यावर बाबा मैदानात उतरले. त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, मला मिठी मारायचं त्यांना सुचलं नाही. मग ते ट्वायलाकडे वळले.

"कशानं जिंकलात गं पोरी?" त्यांनी विचारलं. "तुझ्या गुणांनी, का हिच्या अडवण्यानं?"

ट्वायला घामानं निथळत होती. तिनं टॉवेलनं तोंड पुसलं.

"ते नंतर सांगते, काका. आधी कुणीतरी मला खाली बसवा. मांड्या गेल्या माझ्या."