लोखंड चावलं की

दुधाच्या पातेल्याला टेकून कात्री पडली होती, पात्यांवर बारीक दव धरलेलं – आणि फ्रिजचं दार उघडं धरून ती नुसती उभी राहिली. म्हणजे काल संध्याकाळी आपण हे खरंच केलं तर! पन्नाशी उलटलेली बाई, आणि छाटणीची कात्री फ्रिजमध्ये ठेवते. आई असती तर म्हणाली असती, बापाचं वेड लेकीत उतरलं, चला, वाया काही गेलं नाही.

वेड म्हणजे आप्पांचा नियम. कात्री रात्रभर बाहेर पायरीवर ठेवायची, पहाटे उचलायची. लोखंड बोटाला चावलं की नासपतीची छाटणी सुरू. तारीख-बिरीख काही नाही. हिवाळ्यात झाड गाढ झोपतं, झोप पुरी झाली की एका दमात उठतं, तेव्हा कापायचं ते झोपेतच... आप्पा ती गार कात्री घेऊन आत यायचे आणि अंथरुणातल्या आमच्या गालांना लावायचे. धाकटा भाऊ भोकाड पसरायचा. मी मात्र डोळे घट्ट मिटून दुसरा गाल पुढे करायचे. पिंपातल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय, बोलताना तोंडातून निघणारी वाफ – किती सुखाची होती ती थंडी!

गेले तीन हिवाळे लोखंड चावलंच नाही. ती रोज पहाटे कात्री उचलायची आणि परत ठेवायची. उद्या चावेल, परवा चावेल. शेतकी खात्याचा माणूस सांगून थकला, बाई, तारीख धरा, थंडीची वाट बघू नका. पण आप्पांचा नियम मोडायचा कसा? या वाट बघण्यातच तीन वर्षं छाटणी राहून गेली. झाडांना झोप अशी लागलीच नाही. एक फांदी अवेळी फुललेली, शेजारची ठार कोरडी. गेल्या साली फळं आली ती लिंबाएवढी. थंडी गेली ती गेलीच, पण उरलंसुरलं मी घालवलं, हे तिला सारखं टोचत राहायचं.

"ताई, आज सांगच आप्पांना," धाकटा सकाळीच फोनवर म्हणाला होता. "सोमवारी मशीन येतंय. झाडं मुळासकट निघणार, तो आवाज काय लपणार आहे?"

"सांगते रे."

"हे तू गेल्या आठवड्यातही म्हणालीस."

आप्पा तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले, नजरही गेलेली. रोज सकाळी एकच प्रश्न – चावलं का गं? आज हो म्हणायचं, एकदा त्यांना हसताना बघायचं, आणि मग सांगून टाकायचं की बाग चालली. एवढंच तिनं ठरवलं होतं.

तिनं कात्री त्यांच्या तळहातावर ठेवली. बोटं पात्यावरून फिरली, चेहरा उजळला.

"चावलं!" मग त्यांनी ती नाकाशी नेली. "दुधाचा वास येतोय हिला."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आप्पा, थंडी..."

"छाट," ते म्हणाले. "वरच्या ओळीपासून. खिडकी उघडी ठेव, मला ऐकू येऊ दे."

बाहेर ऊन चटकत होतं. पहिल्या दोन झाडांवर तिनं नुसता आवाज केला – कट्, कट् – सोमवारी जाणारं झाड, कुठूनही कापलं तर काय बिघडणार होतं?

"डोळा बाहेरच्या अंगाचा बघ!" खिडकीतून आवाज आला. "आतला ठेवलास तर फांदी आत फुटून गर्दी करील."

"बघतेय हो!" ती दहा वर्षांच्या पोरीसारखी वैतागून ओरडली, आणि मग तिला हसू आलं, रडूही.

तिसऱ्या झाडाशी तिनं नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. बाहेरच्या अंगाचा डोळा शोधून, त्याच्या जरा वर, तिरका काप घेतला. ही फांदी अशी जाईल, ती तिला वाट देईल, मग मधे ऊन शिरेल, दोन वर्षांनी इथे... दोन वर्षांनी? हात थांबला. आप्पांना ऐकवायचं म्हणून करत होतो ना आपण? ते कधीच सुटलं होतं.

घरात फोन वाजू लागला. धाकटाच असणार. सांगितलंस का, म्हणून विचारील – आणि मी काय सांगू त्याला? आप्पांना सगळं ठाऊक आहे रे... बाग चालली हे जिला अजून कुणी सांगितलेलं नाही, ती मी आहे.