दाब, धर, सोड

नर्सबाईंनी गाडी गॅरेजच्या दारात थांबवली ती हँडब्रेक ओढून. उतरल्या तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पेडल पार तळाला जातं हो," त्या म्हणाल्या. "उतारावर तीन-चारदा दाबलं तेव्हा कुठे थांबली, तरी दवाखान्याच्या भिंतीला टेकलीच. पुढे कोणी उभं असतं म्हणजे?"

धाकट्याने हात पुसले. गेल्याच आठवड्यात याच गाडीच्या पुढच्या चाकांचे कॅलिपर थोरल्या भावाने उघडले होते. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्हीकडून चिमटीत धरून चाक थांबवणारा लोखंडी ठोकळा. दादाने त्यात नवीन रबरं घातली, नवीन पॅड घातले आणि गाडी दिली.

"ठेवून जा," दादा आतून ओरडला. "संध्याकाळी न्या."

"दादा बघणार म्हणजे मला घोर नाही," असं म्हणून बाई चालत निघून गेल्या. सगळं गाव हेच म्हणायचं, आणि धाकटाही.

ब्रेकचं काम या गॅरेजात ठरल्या पद्धतीनेच व्हायचं. दादा चाकाशी बसणार, धाकटा सीटवर. दादा खालून म्हणणार, "दाब." धाकट्याने पेडल दाबायचं. "धर." तो पाय रोवून धरायचा, दादा कॅलिपरवरचं निपल, म्हणजे हवा सोडायची बारीक तोटी, सैल करायचा, नळीतून ऑइलबरोबर अडकलेली हवा बुडबुडत बाहेर पडायची. निपल आवळलं की मगच "सोड." वहिनी म्हणायच्या, भावाभावांत एवढंच काय ते बोलणं होतं, आणि तेही एकानेच बोलायचं.

"मास्टर सिलिंडर," दादाने एकदा पेडल दाबून निकाल देऊन टाकला. "आतलं रबर गेलंय. ऑइल चाकाकडे जायचं सोडून मागे फिरतंय."

पेडल दाबलं की चाकांकडे ऑइल ढकलणारा तो सिलिंडर बदलला. दाब, धर, सोड झालं. पेडल पुन्हा पहिल्यासारखंच खाली. भराभर दाबलं की वर यायचं, थोडं थांबलं की पुन्हा खाली.

"दादा, हवा आहे रे आत."

"मी काढलीय ना हवा! का मला शिकवतोस आता? सिलिंडरच भंगार दिलाय त्या दुकानदाराने. दुसरा आण." दादाचा आवाज चिरकला. हल्ली तो असाच चिडायचा. मग पाना बाकावर आपटून तो मागच्या घरात जेवायला गेला. सकाळी त्याने डावा बूट उजव्या पायात घातला होता आणि धाकटा खदखदून हसला होता. दादा हसला नव्हता.

धाकटा दुकानात गेला नाही. दोन शिकंजे घेऊन त्याने पुढच्या दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्या दाबून बंद केल्या आणि पेडलवर पाय ठेवला. दगडासारखं घट्ट. म्हणजे सिलिंडर बिचारा निर्दोष होता. डावा शिकंजा काढला, पेडल बसलं. तो लावून उजवा काढला, तरी बसलं. दोष दोन्ही चाकांत होता.

त्याने चाकं काढली, बॅटरी लावून आत डोकं घातलं. गळती कुठेच नव्हती. निपल मात्र खाली होतं. दोन्हीकडे खाली.

डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसवला होता. हवा वर जाऊन बसते, खालच्या निपलातून ती जन्मात निघायची नाही. हे त्याला दादानेच शिकवलं होतं, आणि शिकताना घोटाळा केला तेव्हा पाठीत असा धपाटा घातला होता की तो पुन्हा कधी चुकला नाही. तो दादा! घाईत चूक झाली असेल म्हणावं, तर दादाने आयुष्यात घाई कधी केली नव्हती. आणि आपणच तर तेव्हा सीटवर होतो. "नरम लागतंय," असं आपण म्हणालोही होतो. "पॅड नवे आहेत, बसतील," दादा म्हणाला आणि आपण मान डोलावली. पायाला कळत होतं, तरी गप्प बसलो. धाकट्याला स्वतःची लाज वाटली. मग त्या महिन्यात दादाचा हात लागलेल्या बाकीच्या गाड्या एकेक करून आठवल्या.

दादाला हे कळता कामा नये, एवढं एकच त्याच्या मनात आलं. हातातलं काम गेलं तर त्या माणसाकडे उरतं काय? त्याने घाईघाईने कॅलिपर उतरवले, जागच्या जागी बसवले, निपलं वर आली. पण हवा काढायला दुसरा माणूस लागणारच होता.

दादा परत आला तेव्हा धाकटा म्हणाला, "सिलिंडर दुसरा घातला. चल, हवा काढू."

दादा सवयीने चाकाशी उकिडवा बसला. त्याने पाना उचलला, हात आत घातला आणि तो थांबला. बोट निपलावर होतं. वर. त्याने कॅलिपरच्या खालच्या अंगाला चाचपून पाहिलं, जिथे गेल्या खेपेला निपल होतं. मग उठून पलीकडच्या चाकाशी गेला, तिथेही चाचपलं. धाकटा बाजूला उभा राहून बघत होता.

दादाने पाना धाकट्याच्या हातात दिला आणि सीटवर जाऊन बसला.

"सांग," तो म्हणाला.

धाकटा चाकाशी बसला. "दाब," तो कसाबसा म्हणाला. "धर." नळीतून बुडबुडे निघाले, खूप निघाले. "सोड." दोन्ही चाकं झाली. शेवटी पेडल नीट लागतंय का ते पाहायला तो पुन्हा म्हणाला, "दाब. धर." पेडल वरच्या वर अडलं आणि तिथेच राहिलं.

तेवढ्यात नर्सबाई आल्या. "झाली? दादांनी बघितली ना?"

"हो, दादानेच," धाकटा पटकन म्हणाला.

"नाही," दादा सीटवरून म्हणाला. "मी उलटे बसवले होते. यानं सरळ केले. आता ब्रेक हाच करेल." मग धाकट्याकडे न बघता, "त्या बाकीच्या गाड्याही बोलावून घे. आजच."

बाई दार धरून उभ्या राहिल्या, दादा उतरला की बसायचं म्हणून. दादा उतरला नाही. समोर बघत, दोन्ही हात मांडीवर ठेवून तो बसून होता, आणि त्याचा पाय पेडलवर तसाच रोवलेला होता.

धाकटा खिडकीशी गेला.

"सोड, दादा," तो म्हणाला.