कच्च्या टाक्यावरची सिस्टीम

थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षी आमच्या ह्यांचा आवाज गेला. एकाच दवाखान्यात वरच्या मजल्यावर ती दोन पोरं टाहो फोडत होती आणि खालच्या मजल्यावर हे गळ्याचं ऑपरेशन होऊन गप्प पडले होते. गाठ काढायची तर आवाजाची पेटी जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी हे मला म्हणाले, "लग्न झाल्यापासून मला बोलू दिलं नाहीस. आता तुझी चैन आहे." मी म्हटलं, "बघू, आधी कोण कंटाळतं ते."

मीच आधी कंटाळले.

हे घरी आल्यावर पाटीवर लिहायला लागले. पण ह्यांचं अक्षर! उभा जन्म औषधांच्या दुकानात गेला. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून वाचून ह्यांचा हातही तसाच वळला होता. आणि मी वाचायला शिकले ती केस पिकायला लागल्यावर, तेही ह्यांच्याकडूनच. दुकानातून औषधांची रिकामी खोकी आणायचे आणि त्यावरचं मला वाचायला लावायचे. माझं पहिलं पुस्तक म्हणजे खोकल्याच्या औषधाचं खोकं. त्यामुळे मला छापील मराठी वाचता येतं, थोडी इंग्रजी अक्षरंही ओळखता येतात. पण मोठ्यानं म्हटलं तरच. मनातल्या मनात वाचणं मला अजून साधलेलं नाही. आणि हातानं लिहिलेलं म्हणजे माझ्या दृष्टीनं मुंग्यांची रांग.

एकदा ह्यांनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. काही महत्त्वाचं असेल म्हणून मी पाटी उचलली आणि समोरच्या औषधांच्या दुकानात गेले. सोबतीला धाकटी बहीण होती. ती ह्यांच्या आजारपणात मदतीला येऊन राहिली होती. दुकानदारानं पाटी तिरपी धरली आणि चार गिऱ्हाइकांदेखत खणखणीत वाचली, "तुझी बहीण घरी कधी जाणार?"

बहीण हसत हसत दुकानाच्या पायरीवर बसली. म्हणाली, "ताई, ही पाटी तू आता कुणालाही दाखवू नकोस. मी उद्या जाते आणि माझ्या पोरीला पाठवते. ती काहीतरी मार्ग काढील."

तिच्या पोरीला घरात सगळे ढब्बू म्हणतात. लहानपणी होती तशी. आता वाळलेली काडी आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करते. आल्या आल्या तिनं ह्यांच्या मोबाइलवर एक प्रोग्राम घातला. आपण अक्षरं दाबायची, तो बोलणार. पण ह्यांचा हात कापायचा. दाबायचं एक आणि लागायचं दुसरं. मोबाइल म्हणाला, "मला पाय प्यायचं आहे." ह्यांनी तो उशीखाली कोंबला.

"काका, मोठी बटणं हवीत तुम्हाला," ढब्बू म्हणाली. "दुकानात बिलं कशावर करायचात?"

ह्यांनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तसलाच, थोरल्या लेकीचा जुना कॉम्प्युटर तिथं कापडाखाली होता. कीबोर्ड भाकरीएवढ्या रुंदीचा नव्हे, चांगला परातीएवढा. पण आतली जुनी सिस्टीम चालू व्हायची म्हणजे आंघोळ उरकून यावं, आणि नवीन काही घालायला गेलं की नकार.

"ह्यात जुन्या सिस्टीमच्या जागी लिनक्स घालू," ढब्बू म्हणाली. "जुन्या मशीनवरही पळतं. फुकट असतं. बोलणारा प्रोग्रामही फुकट मिळतो."

"फुकटचं टिकतं का गं?"

"मावशी, तुझा सल्ला टिकलाय की इतकी वर्षं."

मी तिला एकच अट घातली. तिला परगावी नोकरी लागली होती, आठवड्यानं ती जाणार होती. मागे काही बिघडलं तर हे पुन्हा मुके होणार आणि मी तिची वाट बघत बसणार. म्हणून म्हटलं, "जे घालशील ते असं घाल की प्रोग्राम मला माझ्या हातानं बसवता आला पाहिजे. तुला येतं त्याचा मला काय उपयोग?"

ढब्बू डोकं खाजवायला लागली. लिनक्स म्हणे एक नसतं, शेकड्यानं असतात. आतलं कापड एकच, शिवण ज्याची त्याची. मी घरी लोकांचे कपडे शिवते, म्हणून म्हटलं, "मग गिऱ्हाइकाला करतो तसं कर. एकदम पक्की शिलाई मारू नकोस. कच्चा टाका घाल, अंगावर चढवून बघू. बसलं तर ठेवू, नाहीतर उसवू."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, तसंच असतं ते! पेनड्राइव्हवरून चालवून बघायचं. आतलं काही पुसलं जात नाही."

"मग मला काय विचारतेस? घाल टाका."

पहिली सिस्टीम तिच्या आवडीची होती. काळा पडदा उघडायचा आणि त्यावर हुकूम लिहायचा. तिनं लिहिलं की झरझर काम व्हायचं. मी एकेक अक्षर म्हणत म्हणत दाबलं, एक जागा सोडायची राहिली, तर त्यानं इंग्रजीत ओळींवर ओळी ओतल्या.

"काय म्हणतोय हा?"

"म्हणतोय, कळलं नाही."

"एवढंच? ह्यांना तर तेवढ्याला एक भुवई पुरते."

दुसरी देखणी होती. पण त्यात बोलणारा प्रोग्राम शोधला तर एकाच नावाचे तीन निघाले. कुठला घ्यायचा? ढब्बू म्हणाली, तिन्ही एकच आहेत, फक्त बांधून देण्याच्या तऱ्हा वेगळ्या. ह्यांनी दोन्ही हात वर केले आणि मान हलवली. दुकानात एकाच औषधाच्या तीन कंपन्या गिऱ्हाइकापुढे ठेवल्या की गिऱ्हाईक काहीच न घेता जातं, हे ह्यांना पक्कं ठाऊक. ती पण उसवली.

तिसरीचं नाव मिंट. मी म्हटलं, "पुदिना? पोटाला बरं." ढब्बूनं सुरुवातीलाच भाषा मराठी केली. खाली डाव्या कोपऱ्यात एक बटण, त्यातून दुकानासारखं एक पान उघडलं. वर शोधायची चौकट. मी मोठ्यानं म्हणत प्रोग्रामचं नाव लिहिलं. त्याचं चित्र आलं. चित्रावर टिचकी मारली तर तो काय करतो ते आलं, वापरलेल्या लोकांनी काय म्हटलंय तेही आलं, आणि वर एक हिरवं बटण. मी ढब्बूकडे बघितलं. तिनं मुद्दाम तोंड फिरवलं, खिडकीबाहेर बघत बसली. मी बटण दाबलं. एक पट्टी हळूहळू भरत गेली, आणि झालं. मशीनमध्ये दोरा ओवायलाही मला ह्याहून जास्त वेळ लागतो.

मी उठले, ह्यांना खुर्चीवर बसवलं आणि आत शिलाई मशीनवर जाऊन बसले. मुद्दाम गेले. समोर बसून वाचायचं असतं तर एवढा खटाटोप कशाला? मला पाठीमागून येणारी हाक हवी होती. खूप वेळ नुसतीच टकटक. मग बाहेरच्या खोलीतून विहिरीच्या तळातून यावा तसा एक सपाट, अनोळखी आवाज आला.

"निळ्या शर्टाची डावी बाही आखूड झाली आहे. पाटीवर कधीपासून लिहितो आहे."

मी मशीनचं पायडल थांबवलं. ढब्बू खो खो हसत होती. मी ओरडले, "माझी शिलाई आखूड होत नाही! तुमचा हात लांब झालाय!" पुन्हा टकटक. "म्हातारपणी कोणाचा हात लांब होतो?" आणि असं आमचं भांडण लागलं, अगदी पहिल्यासारखं. मी आतून, हे बाहेरून. मशीनवरचं कापड भिजलं म्हणून ते मला बाजूला ठेवावं लागलं.

संध्याकाळी ढब्बू म्हणाली, "आता पक्की शिलाई मारून टाकते." मी तिला हात लावू दिला नाही. "चाललंय ना? चालत्या गाड्याला खीळ कशाला? सकाळी बघू." ती हो म्हणाली, लेकीच्या शाळेचे, लग्नाचे सगळे फोटो तेवढे स्वतःकडे उतरवून घेतले आणि झोपली. सकाळी तिला ऑफिसातून फोन आला, दोन दिवस आधीच बोलावलं होतं. धावपळीत ती गेली, आणि पक्की शिलाई तिच्या डोक्यातून गेली ती गेलीच.

ह्यांनी आदल्या रात्री सवयीनं, दुकान वाढवावं तसं, सगळं बंद करून मेन स्विच खाली ओढला होता. ढब्बू गेल्यावर कॉम्प्युटर लावला तर पडदा इंग्रजी, आणि बोलणारा प्रोग्राम गायब. ह्यांनी दोनचार बटणं दाबून पाहिली. मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मला अजून आठवते. दवाखान्यातून आले तेव्हाही ते तसे दिसले नव्हते. एक दिवस बोलायला मिळालं आणि परत तोंड शिवलं.

मी ढब्बूला फोन लावला. ती बसमध्ये होती.

"अगं, सगळं उसवलं!"

"मावशी, बंद केला होतात का?" मग तिच्या लक्षात आलं. "अरे देवा. कच्च्या टाक्यावरच होता तो. पेनड्राइव्हवरून चालवलेलं बंद केलं की सगळं जातं."

"मग?"

"मग काय? इतकी वर्षं कपडे शिवतेस, आणि कच्च्या टाक्यावर गिऱ्हाइकाला घरी पाठवलंस?"

लागलं ते मला, पण बरोबर होतं. मी म्हटलं, "टोमणे नंतर. आता सांग."

"पडद्यावर इन्स्टॉल लिहिलेलं चित्र आहे, ते दाब. तिथंच पहिल्या पानावर मराठी निवड. पुढचं तुला वाचता येतं. मी फोनवर आहे."

मी वाचत गेले, मोठ्यानं. पानामागून पान. एका पानावर लिहिलं होतं की आतलं सगळं पुसलं जाईल. तिथं माझं बोट थांबलं. आतमध्ये लेकीची सगळी शाळा होती, लग्न होतं.

"फोटो माझ्याकडे आहेत, मावशी. दाब."

"नक्की?"

"तू कापडाला कात्री लावताना गिऱ्हाईक विचारतं का, नक्की म्हणून?"

"सगळी विचारतात," मी म्हटलं. आणि दाबलं.

पासवर्ड सुईदोरा ठेवला, इंग्रजी अक्षरांत. मशीन बंद होऊन पुन्हा लागलं, पेनड्राइव्ह काढला, तरी पुदिना जागेवर होता. दुकानाचं पान उघडलं, हिरवं बटण दाबलं. ह्या खेपेला त्यानं पासवर्ड मागितला. कच्च्या टाक्याला मागितला नव्हता. मी 'एस' म्हणून दाबलं तर अक्षराच्या जागी नुसती टिकली उमटली. 'यू' म्हटलं, दुसरी टिकली. माझं अक्षर गिळतोय असं वाटून मी पहिल्यापासून पुन्हा लिहिलं, आणखी मोठ्यानं. फोनमध्ये ढब्बू आणि तिच्या शेजारचा प्रवासी दोघंही हसत होते. तिसऱ्या खेपेला घेतला. पट्टी भरली.

मी ह्यांना खुर्ची दिली. ह्यांनी दोन बोटांनी सावकाश लिहिलं. विहिरीतला आवाज म्हणाला, "पासवर्ड हळू म्हण. सगळ्या गल्लीला पाठ झाला."

त्यानंतर तो कॉम्प्युटर दोनदा बिघडला आणि दोन्ही वेळा मीच पुन्हा शिवला, ढब्बूला न विचारता. ती सिस्टीम कुणी केली, तो प्रोग्राम कुणी लिहिला, त्यातला मराठी मजकूर कुणी बसून घातला, मला माहीत नाही. त्यांच्यातल्या कुणी आम्हाला पाहिलेलं नाही. माझ्यासारखीला वाचता येईल असं ते पान कुणीतरी आपल्या घरी बसून लावलं आणि दार उघडं ठेवलं. ढब्बूचे आभार मी तोंडावर मानले, तर म्हणाली, पुरे गं. त्यांचे कुठे मानायचे ते कळत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

त्या आवाजात हे मला रोज हाका मारायचे. चष्मा कुठे आहे. गॅस चालू राहिला. ही बातमी ऐक. हे शिवण सोड आणि बाहेर येऊन बस. एकदा म्हणाले, "तुला वाचायला शिकवलं ते बरं केलं." मी म्हटलं, "आता कळलं?" तर म्हणाले, "नाही, तेव्हाच. सांगायचं राहिलं होतं."

आमचे हे ऑपरेशननंतर पाच वर्षांनी, थंडी संपता संपता, सोमवारी दुपारी गेले.