आधी तीन चांगल्या गोष्टी

हर्सूलचा सांडू तेहतीस वर्षं वीज खात्यात लाईनमन होता, आणि तेहतीस वर्षांत त्यानं एकाही तारेवर विश्वास ठेवला नव्हता. साहेबानं कितीही सांगितलं, की लाईन बंद केलीय, तरी हा म्हणायचा, "असंल बंद. मी चालूच धरतो." त्याच्या बरोबरीच्या दोघातिघांना खांबावरून उचलून खाली आणावं लागलं. सांडू मात्र रोज आपल्या पायांनी उतरला आणि घरी येऊन जेवला. त्यामुळं आपला संशय हाच आपला देव, असं त्याच्या मनानं घेतलं.

नोकरी सुटली, खांब सुटले, पण स्वभाव काही सुटला नाही. आता तो तारांकडं बघायचा तसाच माणसांकडं, भाजीकडं आणि आभाळाकडं बघायला लागला. शेजाऱ्यानं नवी सायकल आणली, तर हा पेढा तोंडात टाकता टाकता म्हणायचा, "चोरीला लई जाते ही कंपनी." बारशाला गेला, तर पाळण्यात वाकून म्हणायचा, "डोकं एका अंगानं चपटं वाटतंय का?" त्याची बायको चतुराबाई मग उरलेलं बारसं त्या बाळाच्या आईची समजूत घालण्यात घालवायची.

इथवरही चाललं असतं. पण त्यांची एकुलती एक लेक वच्छला सव्वीस वर्षांची झाली होती, आणि तिची तीन स्थळं सांडूनं मोडली होती. देवगाव रंगारीच्या स्थळाच्या अंगणात विहीर होती. सांडू म्हणाला, "बायामाणसं पाय घसरून पडतेत." दुसरा मुलगा बोलता बोलता हसायचा. "काहीतरी लपवतोय." तिसरा अजिबात हसला नाही. "बघा, आताच असा, तर पुढं कसा!"

वच्छला बालवाडीत शिकवायची. पोरांना सांभाळून सांभाळून ती शांत झाली होती. बापाला काही बोलायची नाही. पण चौथं स्थळ पिशोरचं आलं. पुंजाराम नावाचा मुलगा, तिथल्या बाजार समितीत कारकून. मंडळी मुलगी बघायला आली, त्या दिवशी सांडू तापानं फणफणून आतल्या खोलीत पडला होता, त्यामुळं कार्यक्रम फार छान झाला. मुलाकडच्यांनी होकार कळवला. आणि वच्छलानं आयुष्यात पहिल्यांदाच आईला सांगितलं, "आई, हे मोडायचं नाय."

आता सांडूनं मुलाचं घर बघून यायचं राहिलं होतं. शहाऐंशी सालच्या एप्रिलातला रविवार ठरला. सकाळी सांडू टोपी घालून उंबऱ्यात आला, तर चतुराबाई दार अडवून उभी.

"अहो, आज एक शपथ घ्या. वच्छीच्या गळ्याची."

"कसली?"

"खोट दिसली तर दिसू द्या. पण ती तोंडातून काढायच्या आधी तिथल्या तीन चांगल्या गोष्टी मोजायच्या. आन् दिवस मावळंपर्यंत तोंडातून निघंल ते चांगलंच निघंल."

"आन् तीन नाय सापडल्या तर?"

"सापडंपर्यंत गप बसायचं. लई सोपं आहे."

आत चूल फुंकणाऱ्या वच्छलानं मान वर करून बापाकडं बघितलं.  त्यानं शपथ घेतली.

सोबतीला फारूख होता. खात्यात तो सांडूचा हेल्पर. शिडी फारूखनं धरायची आणि फारूखला सांडूनं सांभाळायचं, अशी त्यांची अठरा वर्षं गेली होती. फारूखला जगात वाईट काही दिसायचंच नाही. एकदा खांबावरून पडून त्याचा हात मोडला, तर दवाखान्यात म्हणाला, "नसीब देखो सांडूभाई, डावा मोडला!"

तो आपली राजदूत फटफटी घेऊन आला. सांडूची नजर पहिल्यांदा मागच्या टायरवर गेली. टायरवर एकही रेघ उरली नव्हती. त्यानं तोंड उघडलं, चतुराबाईकडं बघितलं आणि तोंड मिटलं.

"फारूख, टायर लई गुळगुळीत आहे रे."

"हौ ना! एकदम मक्खन!" फारूख खूश झाला.

फुलंब्रीच्या पुढं दोन मैलांवर मक्खन फाटलं. उन्हात गाडी ढकलत दोघं निघाले. सांडूच्या तोंडाशी अठरा वर्षांचं साचलेलं आलं होतं, पण शपथेनं दात आवळून धरले होते.

"कायकू चूप है भाई? मोज ना," वाटेत शपथेचं ऐकलेला फारूख म्हणाला.

"रस्ता उताराचा आहे," सांडू धापा टाकत म्हणाला. "पायात चपला आहेत. आन् तिसरं… तिसरं काय नाय बाबा."

"तीसरा मैं!"

सांडूनं त्याच्याकडं बघितलं. फारूखच्या दाढीतून घाम टपटपत होता आणि तो हसत होता. यात खोट काढावी असं बरंच होतं. पण हा माणूस रविवारची सुट्टी सोडून दुसऱ्याच्या लेकीसाठी गाडी ढकलतोय, हे सांडूच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. "बरं, धर तुलाच तिसरा," तो म्हणाला.

पंक्चर काढून पिशोरला पोचायला दुपारचे बारा वाजले. मुलाचे वडील आप्पासाहेब वेशीपर्यंत सामोरे आले. गोल, गोरे, मिशीला तेल लावलेले गृहस्थ. घर नवं होतं, दगडामातीचं पण नीटनेटकं. पुंजारामानं पाया पडून पाणी दिलं. सांडूनं बघितलं, तर हा पोरगा घरात रबरी चपला घालून फिरतोय. पाहुण्यांसमोर, देवघरासमोरून! सांडूच्या डोक्यात ठिणगी पडली: रीतभात नाय. मग त्यानं घाईघाईनं मोजलं. पाणी गार दिलं. डोळ्याला डोळा देऊन बोलला. चपला धुतलेल्या आहेत. तीन झाल्या, पण दिवस मावळायचाय, गप बसलं पाहिजे.

"घर कसं वाटलं पाहुणे?" आप्पासाहेबांनी विचारलं. "आन् एक सांगतो. या घरातली समदी वायरिंग मी स्वतः केली. वायरमनला पाय ठेवू दिला नाय!"

सांडूनं मान वर केली आणि त्याला घाम फुटला. वाशांवरून, खुंट्यांवरून, देवाच्या तसबिरीमागून तारा धावत होत्या. जोडांवर चिकटपट्टीच्या जागी कुठं चिंधी गुंडाळली होती, तर कुठं तीही नव्हती. एक उघडा जोड कॅलेंडरच्या खिळ्याला टेकला होता. एवढा गुन्हा एका छपराखाली त्यानं तेहतीस वर्षांत बघितला नव्हता.

"काय म्हणता?"

"तार…" सांडूचा आवाज चिरकला. "तार लई वापरली तुम्ही. हात आखडता नाय घेतला."

"आपल्याला कंजूषपणा जमतच नाय!" आप्पासाहेब फुलले. "आता कूलर बघा. पेटीबी मीच बनवली. इतका गार चालतो, इतका गार चालतो, का नुसता हात लावला तरी बोटाला मुंग्या येतेत!"

"क्या बात है!" फारूख म्हणाला आणि बोट पुढं करून उठला.

सांडूनं त्याचा सदरा मागून धरून त्याला खाली बसवलं. पण तेवढ्यात आप्पासाहेबांची बायको भागूबाई आतून आली. पाहुण्यांना आणखी गार वाटावं म्हणून तिनं कूलरमध्ये ओतायला पाण्याची पितळी कळशी उचलून आणली होती. पायांत काही नव्हतं. फरशीवर कूलरमधून गळालेल्या पाण्याचं थारोळं साचलं होतं, आणि ती थेट त्यात पाय टाकायला निघाली होती.

 ओरडावं, तर शपथ. वच्छीच्या गळ्याची. त्यानं आयुष्यात मोजलं नसेल इतक्या वेगानं मोजलं: कूलरचा रंग हिरवा छान आहे, पंखा फिरतोय, बाई अजून जिवंत आहे! तीन झाल्या आणि सांडू उडी मारून दाराजवळच्या मेन स्विचवर पडला. खट्!

पंखा थांबला. कूलर घरघरत गप झाला.

"लाईट गेली वाटतं," आप्पासाहेब म्हणाले.

"गेली नाय. मी बंद केली."

"काऊन?"

सगळे त्याच्याकडं बघत होते. सांडूनं एकदा खिडकीबाहेर बघितलं. दिवस मावळायला अजून सहा तास होते. त्यानं घसा खाकरला.

"आप्पासाहेब, तुमच्या कूलरला करंट लई चांगला येतो. मोटारीला येतो. पत्र्याला येतो. खालच्या पाण्याला येतो. आताच वहिनींनाबी आला असता. तुमच्या घरात कुणालाच कमी पडणार नाय."

क्षणभर कुणाला काही उमगलं नाही. मग भागूबाईच्या हातातली कळशी दाणकन खाली आली. ती चार पावलं मागं सरकली आणि नवऱ्याकडं बघून म्हणाली, "मुंग्या! गारव्याच्या मुंग्या म्हणत व्हता ना मला? दोन उन्हाळे मुंग्या!"

"दादा, मी तरी दुसरं काय सांगत होतो?" पुंजाराम हळूच बापाला म्हणाला. "म्हणून तर मी घरात चपला घालतो."

फारूखला हसू आवरेना. तो तोंडात रुमाल कोंबून बाहेर ओसरीवर गेला आणि तिथं जाऊन हसला. आत स्पष्ट ऐकू येत होतं.

आप्पासाहेब मात्र भिंतीला टेकून खाली बसले. त्यांचा गोल चेहरा उतरला. सहा महिने त्यांनी शिडीवर चढून उतरून हे काम केलं होतं, गावाला बोलावून दाखवलं होतं. सांडू त्या चेहऱ्याकडं बघत राहिला. आणखी एक वाक्य टाकलं, तर हा माणूस इथंच मोडेल, हे त्याला दिसलं. त्यानं पुन्हा वर बघितलं, आणि या वेळी शपथेला घाबरून नाही, तर खरंच शोधायला लागला. पंधरा मिनिटं तो घरभर फिरला. कुणी त्याला टोकलं नाही.

मग येऊन आप्पासाहेबांशेजारी बसला.

"तारा समद्या ओळंब्यात आहेत," तो म्हणाला. "खिळे एका मापावर ठोकलेत. माझ्या हाताखालच्या पोरांना बारा वर्षांत असे ठोकता आले नाय. आन् बटणं येवढी खाली का बसवली, ते आधी मला कळंना. वहिनींचा हात पोचावा म्हणून ना?"

"तिची उंची कमी आहे," आप्पासाहेब खालच्या मानेनं म्हणाले.

"हे कुठला वायरमन बघतो? जोड तेवढे शिकायचे राहिले तुमचे. ते काय, मी एका दिवसात शिकवतो."

आप्पासाहेबांनी नाक ओढलं, उठले आणि स्वतः शिडी आणायला गेले.

जेवणं झाल्यावर काम सुरू झालं. दुकानातून चिकटपट्टी आली. फारूखनं सवयीनं शिडी धरली, आप्पासाहेब पट्टी फाडून देत होते, भागूबाई दारात उभी राहून "तो बी बघा, तो कोपऱ्यातला" म्हणून बोट दाखवत होती. सांडूनं मेन बंद केला, फ्यूज काढून खिशात ठेवला आणि पुंजारामला म्हणाला, "बंद आहे. चढ वर, त्या जोडाची चिंधी सोड."

पुंजाराम चढला. पण तारेला हात लावायच्या आधी त्यानं खिशातून टेस्टर काढला आणि जोडाला टेकवून बघितला. मग जरा ओशाळून खाली बघत म्हणाला, "राग मानू नका मामा. तुमच्यावर विश्वास आहे, पण…"

"पण काय?"

"मी चालूच धरतो."

 सांडू वर बघत तसाच उभा राहिला. शेवटी फारूखनं त्याला कोपरानं ढोसलं, "भाई, रोता कायकू?"

"धूळ लई आहे," सांडू म्हणाला. "चांगली आहे. बारीक आहे."

दिवस मावळता मावळता ते हर्सूलला पोचले. चतुराबाई अंगणातच येरझारा घालत होती. वच्छला दाराच्या आड उभी होती. तिची बांगडी तेवढी दिसत होती.

"किती चुका काढल्या?" चतुराबाईनं विचारलं.

"सतरा."

चतुराबाई मटकन ओट्यावर बसली. दाराआडची बांगडी हलली.

"वायरिंगमधल्या गं," सांडू चपला काढत म्हणाला. "माणसांतल्या बघायच्या राहूनच गेल्या. कामात ध्यानच नाय राहिलं."

वच्छला बाहेर आली. "आन् ते? पुंजाराम?"

"त्यो?" सांडूनं टोपी काढून झटकली. आज दिवसभरात त्याचं तोंड असं उजळलं नव्हतं. "पोरगा माझ्यावर अजिबात विश्वास ठेवत नाय!"

मायलेकी एकमेकींकडं बघायला लागल्या. यात चांगलं काय आहे, हे त्यांना समजावून सांगायला त्याला अर्धा तास लागला. समजलं, तेव्हा वच्छला इतकी हसली, की तिला पदर तोंडाला लावून आत जावं लागलं.

लग्न वैशाखात पिशोरलाच झालं. मांडवातले दिवे आप्पासाहेबांनी लावले. सांडू दोन दिवस आधी जाऊन त्यांच्या शिडीखाली उभा राहिला आणि एकेक जोड बघत गेला. बावीस जोडांत तीन कच्चे निघाले. एकोणीस पक्के आहेत, हे त्यानं आधी सांगितलं.